पाणी आहे, तरी वांगं मान टाकतं: वाट कुठे अडली ते शोधायचं कसं

श्रावण सरत आला की ओळखीपाळखीतून एकाच तऱ्हेचे फोटो यायला लागतात. वांग्याचं किंवा टोमॅटोचं रोप, हिरवंगार, फुलावर आलेलं, आणि सगळी पानं ओल्या फडक्यासारखी लोंबलेली. खालची माती ओलीगच्च. यंदा मावशीच्या मुलीचा फोन आला, ‘दादा, सहा रोपं गेली, सातवं आज सकाळी झुकलंय. रोज दोनदा पाणी घालतेय तरी असं.’ ती मनापासून जे करत होती तेच बहुतेक जण करतात, आणि त्यातच उरलेली रोपंही जातात. म्हणून तिला फोनवर जे सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवतो. माझी परसबाग रत्नागिरीकडच्या जांभ्या मातीत आहे, त्यामुळे उदाहरणं इकडची येतील. झाडाची आतली रचना मात्र कुठेही तीच.

सगळ्यात आधी पाणी थांबवा. बोट दोन पेरं आत जाईल इतकं मातीत खुपसा. आत ओल लागली, तर रोप तहानेने झुकलेलं नाही. मातीत पाणी असणं आणि ते पानापर्यंत पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधली वाट लांबची आहे. मुळाच्या टोकाशी असलेले केस, मुळाचा गाभा, बुंधा, खोडातल्या नळ्या, देठ आणि मग पान. ती वाट कुठे अडली हे कळल्याशिवाय कुठलंही औषध आणू नका. दुकानात जाऊन ‘मर लागली’, म्हणजे रोप झुकून मरण्याचा रोग झाला, एवढंच सांगितलं, तर हातात बुरशीनाशकाची पुडी पडते, आणि निम्म्या वेळा दुखणं बुरशीचं नसतंच.

पहिली तपासणी पहाटेची

दुपारी दोन वाजता झुकलेलं रोप बघून काही ठरवू नका. कडक उन्हात भोपळ्याची पानं तर रोज माना टाकतात, आणि तो रोग नव्हे. पानातून जितकं पाणी उडतं तितकं मुळं त्या वेळी पुरवू शकत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. रात्री पानांची छिद्रं मिटतात, मुळं पाणी ओढत राहतात आणि पहाटेपर्यंत तूट भरून निघते. म्हणून सकाळी सहाच्या सुमाराला वाफ्यात जा. रोप पुन्हा ताठ उभं असेल, तर वाट मोकळी आहे. त्याला दुपारची थोडी सावली द्या, बुडाशी पालापाचोळा घाला, आणि पुढचे दोनतीन दिवस पहाटेची फेरी चुकवू नका. मरीची सुरुवातही पुष्कळदा अशीच होते: पहिला दिवस दुपारी झुकतं, सकाळी सावरतं, आणि तिसऱ्या दिवशी सावरतच नाही.

पहाटे आणखी एक खूण मिळते. टोमॅटोच्या पानांच्या कडेला, दात्यांच्या टोकांवर, एकेक थेंब बसलेला असतो. अळूच्या पानाच्या टोकावरून तर तो सकाळभर ठिबकत राहतो. याला आपण दंव समजतो. दंव सगळ्या पानभर पसरतं. हे थेंब फक्त कडेला, ठराविक जागीच येतात. मुळांनी रात्रभर क्षार आत घेतले, त्यामागे पाणी आलं, दाब तयार झाला आणि जादा पाणी पानाच्या कडेने बाहेर पडलं. असे थेंब दिसले की खालची मुळं जिवंत आहेत आणि वरपर्यंतच्या नळ्या उघड्या आहेत, हे नक्की. सात रोपांत सहावर थेंब आणि एक कोरडं असेल, तर त्या कोरड्यावर नजर ठेवा, ते अजून झुकलेलं नसलं तरी. हवा कोरडी असेल तर मात्र थेंब कुठल्याच रोपावर येत नाहीत. म्हणून शेजारच्या रोपाशी तुलना करूनच बोला.

सगळं रोप ताठ आणि एकच शेंडा लोंबलेला असेल, तर मुळाकडे जायचं कारणच नाही. वांग्यात हे शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीचं काम असतं. शेंडा वीतभर खालून कापा, उभा चिरा. आत पोकळ बोगदा, विष्ठा आणि बहुतेक वेळा गुलाबीसर अळी सापडते. कापलेला शेंडा वाफ्यात टाकू नका, अळीसकट नष्ट करा. मुळं धडधाकट असतात, त्यामुळे खालच्या पेरांवरच्या डोळ्यांतून नवी फूट येते. खोडाला पेरं असतात आणि प्रत्येक पेरावर पानाच्या बगलेत डोळा असतो, म्हणून हे जमतं. मुळाला ना पेर, ना डोळा.

पेल्यातली तपासणी

संपूर्ण रोप सकाळीही झुकलेलं आहे, पानं अजून हिरवीच आहेत, पिवळी पडायलाही वेळ मिळालेला नाही, अशी अवस्था असेल तर हे करा. याला खर्च शून्य आणि वेळ दहा मिनिटं.

काचेचा स्वच्छ पेला घ्या, त्यात साधं पाणी भरा आणि पाणी स्थिर होऊ द्या. मेलेलं नव्हे, नुकतंच झुकलेलं रोप निवडा. त्याचं खोड मातीच्या लगत धारदार सुरीने कापा आणि खालच्या बाजूचा बोटभर लांब तुकडा घ्या. आधी कापलेल्या तोंडाकडे बघा. साल, तिच्या आत हिरवट पांढरं कडं आणि मधे मऊ भेंड. सालीच्या लगतचं ते कडं तपकिरी झालं आहे का, ते पाहा. मग तुकड्याला दोरा बांधून किंवा काडीत टोचून तो पेल्यात असा टांगा की कापलेलं टोक पाण्यात बुडेल, तळाला टेकणार नाही. पेला हलवू नका. पेल्यामागे काळा कागद धरलात तर उत्तम. जिवाणूजन्य मर असेल तर काही मिनिटांत त्या कड्यातून दुधाच्या धाग्यासारख्या पांढऱ्या तारा सरळ खाली उतरू लागतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते खरं वाटत नाही, पण ते धागे म्हणजे जिवाणू आणि त्यांनी तयार केलेला चिकट पदार्थ. पंधरा मिनिटांनी पाणी गढूळ होतं.

मावशीच्या मुलीला हे करायला सांगितलं. तिने पेल्याचा व्हिडिओ पाठवला. तिसऱ्या मिनिटाला धागा सुटला होता.

हा जिवाणू म्हणजे राल्स्टोनिया. अमेरिकी शास्त्रज्ञ अर्विन स्मिथ यांनी 1896 मध्ये टोमॅटो, वांगं आणि बटाट्यावर त्याचं वर्णन केलं. तो मातीत राहतो. दमट उष्ण हवा आणि आंबट माती असलेल्या किनारपट्टीवर, म्हणजे कोकण, गोवा, केरळात, त्याचा जोर फार. रोपात तो शिरतो कसा हे कळलं, की मुळाची रचना पाठ करायची गोष्ट राहत नाही.

मुळाच्या टोकाला टोपी असते, तिच्यामागे वाढणारा भाग, आणि त्याच्या किंचित मागे केसांचा पट्टा. पाणी मुख्यतः या पट्ट्यातून आत येतं. केस एका पेशीचे, नाजूक आणि थोड्या दिवसांचे सोबती, पण संख्येने अफाट. 1937 मध्ये हॉवर्ड डिटमर यांनी राय या धान्याच्या चार महिन्यांच्या एकाच रोपाची मुळं मोजली: एकूण लांबी 600 किलोमीटरहून जास्त, आणि केस सुमारे 1400 कोटी. आत आलेलं पाणी पेशींच्या भिंतींमधून झिरपत गाभ्याकडे जातं. गाभ्याच्या वेशीवर पेशींचं एक कडं उभं असतं, अंतस्त्वचा. त्या पेशींच्या भिंतींत पाणी न झिरपणारी एक पट्टी गिलाव्यासारखी भरलेली असते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कास्पारी यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिच्यामुळे भिंतींमधून चोरवाट राहत नाही. पाणी असो की क्षार, प्रत्येकाला जिवंत पेशीतूनच आत जावं लागतं, आणि नको ते बऱ्याच प्रमाणात बाहेर राहतं.

मग जिवाणू आत येतो कुठून? मुळाला फांदी फुटते तिथून. खोडाची फांदी बाहेरच्या डोळ्यातून येते. मुळाची फांदी तशी येत नाही. ती अंतस्त्वचेच्याही आत, परिरंभ नावाच्या थरात जन्मते आणि वरचे सगळे थर फोडून बाहेर पडते. प्रत्येक उपमुळाच्या बुडाशी त्यामुळे बारीकशी चीर राहते. जिवाणूला ती पुरते. खुरपणीत तुटलेली मुळं, सूत्रकृमींनी, म्हणजे मातीतल्या दोऱ्यासारख्या अतिसूक्ष्म कृमींनी, भोसकलेली मुळं, लावणीच्या वेळी ओढून काढलेल्या रोपांची मुळं, या तर उघड्या जखमाच. म्हणूनच रोपं झुकायला लागल्यावर ‘माती मोकळी करू या’ म्हणून बुडाशी कुदळ चालवणं फार महागात पडतं.

एकदा तो जलवाहिन्यांत पोचला की काम सोपं. जलवाहिन्या म्हणजे मेलेल्या पेशींच्या एकावर एक रचलेल्या पोकळ नळ्या. पान पाणी उडवतं, त्या ओढीने नळीतला पाण्याचा अखंड स्तंभ वर खेचला जातो. हे डिक्सन आणि जोली यांनी 1894 मध्ये मांडलं. पहाटेच्या थेंबांमागे मुळांचा दाब असतो, पण दिवसाच्या या कामात ढकलणारा पंप नाही, नुसती ओढ आहे. चिकट पदार्थाने नळी भरली की ओढ तुटते. नळीच्या पेशी मेलेल्या असल्याने त्या स्वतःला साफ करू शकत नाहीत. झुकलेलं रोप औषधाने परत उभं राहत नाही, ते यामुळे. त्याच्यावर पैसे घालवू नका.

धागे आले नाहीत, पण कडं तपकिरी आहे, पानं खालून वर पिवळी पडत गेली, कधी एकाच बाजूची, आणि सगळं आठवडाभर हळूहळू चाललंय, तर ती बहुधा बुरशीची मर, फ्युजेरियमची. तीही याच नळ्यांत राहते. चाचणी कड्यावरच का करायची, तेही सांगतो. मुळामध्ये जलवाहिन्या अगदी मधोमध एकवटलेल्या असतात, दोराच्या पिळासारख्या, कारण मुळाला ताण सोसायचा असतो. वर खोडात त्याच नळ्या कडेने गोल मांडल्या जातात, कारण खोडाला वाऱ्यात वाकायचं असतं. म्हणून खोड कापल्यावर मधल्या भेंडाकडे बघू नका.

धागे नाहीत, कडंही स्वच्छ आहे, तर मूळ उपसा

रोप मानेला धरून ओढू नका. ओढलं की नेमकी टोकं आणि केसांचा पट्टा मातीतच राहतो, आणि आपल्याला बघायचं असतं ते हेच. वीतभर अंतरावरून चारी बाजूंनी कुदळ घाला, मातीच्या गड्ड्यासकट उचला, बादलीत बुडवून ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या.

निरोगी मूळ पांढरट आणि टणक. ते तपकिरी आहे, चिमटीत धरल्यावर साल मोज्यासारखी सुटून येते आणि मधला दोरा तेवढा राहतो, कुबट वास येतो: मुळं गुदमरून कुजली आहेत. मूळही श्वास घेतं. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते. तिथे पाणी भरून राहिलं की प्राणवायू पोचणं जवळजवळ थांबतं, कारण तो पाण्यातून हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. गुदमरलेल्या मुळांच्या पेशी आतली पाण्याची दारं मिटून घेतात. म्हणजे रोप पाण्यात उभं आणि तहानलेलं. टोमॅटोत याची वेगळी खूण दिसते. पानं मऊ पडत नाहीत, ताठच राहून देठापासून खाली वळतात, आणि बुंध्यावर बारीक पांढरी मुळं फुटू लागतात.

भात मग पाण्यात कसा उभा राहतो, असं भाचीने विचारलं होतं. भाताच्या मुळात आणि खोडात हवेच्या पोकळ्या असतात, पानाकडून हवा खाली उतरते. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत ओहोटीला गेलात तर तिवराभोवती चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी श्वसनमुळं वर आलेली दिसतील, तीही हवेसाठीच. वांग्याकडे यातलं काहीच नाही. त्याला आपणच उंची द्यायची.

मुळांवर गाठी दिसल्या तर घाईने ‘सूत्रकृमी’ म्हणू नका, आधी ते रोप कशाचं आहे बघा. चवळी, वाल, भुईमूग यांच्या मुळांवरच्या गाठी बाजूला चिकटलेल्या असतात, नखाने अलगद निघतात, फोडल्या तर आत गुलाबी. त्या नत्र पुरवतात, त्यांना हात लावू नका. सूत्रकृमींची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं. ती मुळापासून वेगळी काढताच येत नाही. वांगं, टोमॅटो, भेंडी यांच्यावर ती सर्रास दिसते. त्या जागी पुढचा हंगाम झेंडू लावा आणि शेणखत सढळ हाताने घाला.

मुळंच शिल्लक नाहीत, नुसता सोटा उरलाय, आणि मातीत पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली जाड अळी सापडली, तर ती हुमणी. वेचून मारा.

बुंधा

मूळ संपून खोड सुरू होतं तो मातीलगतचा दोन बोटं भाग सगळ्यात दुर्लक्षित. इथे माती बाजूला करून बघा. पांढरी बुरशी आणि तिच्यात मोहरीसारखे तपकिरी दाणे असतील, तर बुंधाकूज आहे. रोप दाण्यांसकट आणि आजूबाजूच्या ओंजळभर मातीसकट उचलून टाका. हे दाणे मातीत दीर्घकाळ तग धरतात. रोप खोल पुरणं, बुंध्याशी ओलं कच्चं शेण चढवणं, या सवयी याला आमंत्रण देतात. टोमॅटोचं खोड पुरलं तर त्याला मुळं फुटतात, लिंबाचं किंवा डाळिंबाचं पुरलं तर साल कुजते. सगळ्यांना एकच नियम लावू नका.

जास्वंद, लिंबू अशा झाडांच्या बुंध्याला बांधलेली सुतळी किंवा तारही शोधा. खोड जाड होतं ते साल आणि लाकूड यांच्या मधल्या कॅम्बियमच्या पातळ थरामुळे. तो दर वर्षी आत लाकूड आणि बाहेर साल वाढवत जातो. तार तिथेच राहिली की सालीत रुतते. सालीतून पानांनी केलेलं अन्न खाली मुळांना जातं, लाकडातून पाणी वर येतं. त्यामुळे साल आवळली तरी झाड लगेच सुकत नाही, कित्येक आठवडे हिरवं राहतं. तारेच्या वरचा भाग फुगतो, खाली मुळं उपाशी मरतात, आणि एक दिवस झाड ‘अचानक’ जातं. सतराव्या शतकात माल्पिगी यांनी सालीचं कडं काढून हे फुगणं दाखवलं होतं. तुमच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर तेच चाललं असेल, तर तार आजच कापा.

कुंड्यांबद्दल एवढंच: कुंडी आडवी करून तळाचं भोक बघा. पुष्कळदा ते मुळांनी बुजलेलं असतं आणि आत मुळं गोल गोल फिरून घट्ट वळलेली असतात. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी खार जमली असेल तर खत जास्त झालंय. खारट मातीतून मुळाला पाणी ओढताच येत नाही. खत बंद करा आणि भरपूर साधं पाणी भोकावाटे वाहून जाऊ द्या.

पेल्यात धागा दिसला असेल तर पुढे काय

रोगट रोपं मुळांसकट काढून जाळा, खतखड्ड्यात टाकू नका. कोयती, कुदळ धुऊन उन्हात ठेवा. त्या वाफ्यातलं पाणी दुसऱ्या वाफ्यात वाहून जाऊ देऊ नका. हा जिवाणू पाण्याबरोबर सहज पसरतो. वांगं गेलं म्हणून तिथे मिरची, मिरची गेली म्हणून टोमॅटो, ही चूक घरोघरी होते. तिन्ही एकाच कुळातली, तिन्हींना हीच मर. आलंसुद्धा त्या जागी लावू नका. मका लावा, किंवा पाणी राहत असेल तर भात. एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे, कडा मातीने दाबून, ताणून ठेवा. उन्हाने वरच्या थरातला रोगाचा भार कमी होतो, नाहीसा होत नाही.

बियाणं निवडताना मरीला तोंड देणारं वाण मागा. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची अर्का निधी, अर्का केशव, अर्का नीलकंठ ही वांगी आणि अर्का रक्षक हा टोमॅटो त्यासाठीच काढलेले आहेत. आपल्या चवीचं गावठी वांगंच हवं असेल, तर माझ्या मते सगळ्यात भरवशाचा उपाय कलम. रानवांग्याच्या मुळावर आपल्या वांग्याचा शेंडा बांधायचा. दोन्ही खोडं पेन्सिलीहून बारीक असताना, सारख्या जाडीची घेऊन, तिरका काप देऊन, कडेचं कडं कड्याला भिडेल असं जोडायचं. कॅम्बियम कॅम्बियमला मिळालं की आठदहा दिवसांत नळ्या सांधतात. जोड मातीच्या चार बोटं वर ठेवा, नाहीतर वरच्या खोडाला मातीत मुळं फुटतात आणि सगळी मेहनत वाया जाते. गादीवाफा वीतभर उंच करा. खुरपं बुडाशी लावू नका, गवत हाताने उपटा.

मावशीच्या मुलीने सातही रोपं काढली. त्या वाफ्यात मका टोकला आहे, आणि परसाच्या कडेला रानवांग्याची रोपं दोन पानांवर आली आहेत.

तुम्हीही फोटो पाठवणार असाल, तर दुपारच्या लोंबलेल्या पानांचा एकटा फोटो पाठवू नका. पहाटेचा एक, धुतलेल्या मुळांचा एक, माती बाजूला केलेल्या बुंध्याचा एक, आणि पेल्याचा दहा मिनिटांनंतरचा एक, एवढे चार पाठवा. त्या जागी गेल्या हंगामात काय लावलं होतं तेही लिहा.